दोन एक्क्यांची किंमत किती? पोकरचे गणित, न्यायालयांचा पेच आणि मांडवीवरचे कॅसिनो

पोकरच्या टेबलावर दोन एक्के हाती येणे हे त्या खेळातील सर्वांत मोठे भाग्य मानले जाते. एकाच प्रतिस्पर्ध्यासमोर हे दोन एक्के शंभरातील सुमारे पंच्याऐंशी डाव जिंकतात, असे गणित सांगते. हा आकडा खरा आहे. मात्र तो ज्या अटींवर खरा आहे त्या सहसा सांगितल्या जात नाहीत. पैशांच्या खेळांविषयी देशात सध्या जो वाद सुरू आहे, त्याचे बरेचसे मर्म या न सांगितलेल्या अटींतच दडलेले आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचे प्रवर्तन व नियमन करणारे विधेयक संमत केले. २० ऑगस्टला लोकसभेने आणि २१ ऑगस्टला राज्यसभेने त्याला मंजुरी दिली, तर २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर या कायद्याने सरसकट बंदी घातली. खेळ कौशल्याचा आहे, नशिबाचा आहे की दोहोंचे मिश्रण आहे, हा प्रश्नच कायद्याने बाजूला सारला. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. कायदा होताच रमी आणि पोकरच्या प्रमुख मंचांनी पैशांचे डाव थांबवले आणि बंदीला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे एकत्र करण्यात आल्या.

गोव्यात या घडामोडींना वेगळा संदर्भ आहे. फोनवरचा पोकर बंद झाला, तरी मांडवीच्या पात्रातील जहाजांवरचा पोकर राज्याच्या कायद्याखाली सुरूच आहे. म्हणजे तोच खेळ, तीच बावन्न पाने आणि तेच गणित एका ठिकाणी गुन्हा ठरते, तर दुसऱ्या ठिकाणी परवानाधारक व्यवसाय. अशा वेळी हा खेळ नेमका कसा आहे आणि सुरुवातीला हाती आलेली पाने किती वेळा जिंकतात, हे समजून घेणे केवळ खेळाडूंपुरते महत्त्वाचे उरत नाही.

दोन पाने, १३२६ शक्यता

पोकरचा आज सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. यात प्रत्येक खेळाडूला दोन पाने झाकून मिळतात. नंतर टेबलाच्या मध्यभागी सर्वांसाठी सामाईक अशी पाच पाने उघडली जातात. आधी तीन, मग एक, शेवटी आणखी एक. या सात पानांतून ज्याचा पाच पानांचा संच सर्वांत वरचढ, तो डाव जिंकतो. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावण्याची, वाढवण्याची किंवा पाने टाकून बाजूला होण्याची संधी असते.

बावन्न पानांतून दोन पाने निवडण्याचे १३२६ प्रकार होतात. पानांची चिन्हे सोडून केवळ स्वरूप पाहिले, तर हे प्रकार १६९ गटांत बसतात. त्यांत तेरा जोड्या, एकाच चिन्हाच्या भिन्न पानांचे अठ्ठ्याहत्तर गट आणि वेगवेगळ्या चिन्हांच्या भिन्न पानांचे अठ्ठ्याहत्तर गट आहेत. कोणतीही जोडी मिळण्याची शक्यता सतरात एक असते, तर दोन एक्के मिळण्याची शक्यता २२१ डावांत एक. प्रत्यक्ष टेबलावर तासाला साधारण पंचवीस ते तीस डाव होतात. त्यामुळे आठ तास बैठक मारणाऱ्या खेळाडूच्या वाट्याला सरासरीने एकदाच एक्क्यांची जोडी येते.

आपल्याकडच्या तीन पत्तीशी तुलना केली तर फरक लगेच दिसतो. तीन पत्तीत २२,१०० प्रकारचे संच शक्य असतात. त्यांतील सुमारे ७४ टक्के संचांत साधी जोडीही नसते आणि तिन्ही पाने सारखी असलेले संच केवळ ५२ असतात. मात्र तेथे पाने एकदाच वाटली जातात. नंतर बोली कितीही वाढली, तरी पत्त्यांबद्दलची माहिती वाढत नाही. होल्डेममध्ये प्रत्येक उघडणारे पान माहितीत भर घालते आणि आधीचा अंदाज मोडीत काढते. कौशल्याला मिळणारी जागा याच फटीतून तयार होते.

पंच्याऐंशी टक्के कोणासमोर?

हाती दोन एक्के असताना एका प्रतिस्पर्ध्याकडे उरलेल्या पन्नास पानांतील दोन पानांच्या १२२५ शक्यता असतात आणि त्यांतील प्रत्येक शक्यतेसाठी सामाईक पाच पानांचे १७,१२,३०४ संच संभवतात. म्हणजे एकाच हाताचे अचूक गणित करायचे तर २०९ कोटी ७५ लाखांहून अधिक अवस्था तपासाव्या लागतात. संगणकांनी हे काम केव्हाच पूर्ण केले आहे. त्यानुसार एका अनोळखी प्रतिस्पर्ध्यासमोर एक्क्यांची जोडी सुमारे ८५ टक्के, राजांची जोडी ८२ टक्के, राण्यांची जोडी ८० टक्के जिंकते. एकाच चिन्हाचे एक्का-राजा सुमारे ६७ टक्के, तर दुर्रीची जोडी जेमतेम ५० टक्के.

या आकड्यांमागे तीन गृहीतके आहेत. प्रतिस्पर्धी एकच आहे, त्याची पाने कोणतीही असू शकतात आणि दोघेही शेवटचे पान उघडेपर्यंत डाव सोडत नाहीत. प्रत्यक्ष टेबलावर ही तिन्ही गृहीतके बहुतेक वेळा खोटी ठरतात.

पहिले गृहीतक घेऊ. प्रतिस्पर्धी दोन झाले की एक्क्यांची जोडी ७३ टक्क्यांवर येते, तीन झाले की ६४ टक्क्यांवर. पाच प्रतिस्पर्ध्यांसमोर ती निम्म्याच्याही किंचित खाली घसरते आणि नऊ जण शेवटपर्यंत टिकले तर केवळ ३१ टक्के वेळा जिंकते. जगातील सर्वोत्तम पाने हाती असूनही तीनपैकी दोन डाव हरायचे, असा हा हिशेब आहे.

मात्र येथेच दुसरी गोष्ट लक्षात येते. प्रत्येकाने हजार रुपये लावले असे समजू. एकाच प्रतिस्पर्ध्यासमोर दोन हजारांच्या पॉटमधील ८५ टक्के हिस्सा सरासरीने १,७०० रुपये होतो. म्हणजे निव्वळ प्राप्ती ७०० रुपये. नऊ प्रतिस्पर्ध्यांसमोर पॉट दहा हजारांचा आणि हिस्सा ३१ टक्के, म्हणजे ३,१०० रुपये. निव्वळ प्राप्ती २,१००. डाव कमी वेळा जिंकला, तरी प्राप्ती तिपटीने वाढली. किती वेळा जिंकणार आणि किती मिळणार हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि नवख्या खेळाडूचे पैसे या दोहोंच्या गल्लतीतच बुडतात.

दुसरे गृहीतक अधिक घातक आहे. राजांची जोडी अनोळखी पानांसमोर ८२ टक्के जिंकते. पण समोरचा खेळाडू अत्यंत सावध असून केवळ एक्क्यांच्या किंवा राजांच्या जोडीवरच सारे पैसे लावतो, असे समजू. हातात दोन राजे असताना त्याच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे सहा प्रकार आणि राजांची जोडी असण्याचा एकच प्रकार उरतो. एक्क्यांसमोर राजे सुमारे १८ टक्के जिंकतात. सारा हिशेब मांडला तर राजांची शक्यता ८२ वरून सुमारे २३ टक्क्यांवर कोसळते. पाने तीच आहेत. बदलले आहे ते समोरच्या माणसाविषयीचे अनुमान.

श्रेष्ठतेचे चक्र

सर्व पानांना एका रांगेत, उत्तम ते निकृष्ट, बसवता येईल अशी अनेकांची समजूत असते. गणित ती मान्य करत नाही. वेगवेगळ्या चिन्हांचे एक्का-राजा हे एकाच चिन्हाच्या गुलाम-दश्शीवर सुमारे ६० विरुद्ध ४० असे भारी पडतात. तीच गुलाम-दश्शी दुर्रीच्या जोडीवर थोडक्या फरकाने मात करते, कारण तिला सलग किंवा एकाच चिन्हाचा संच साधण्याच्या अनेक वाटा असतात. आणि दुर्रीची तीच क्षुद्र जोडी एक्का-राजावर ५२-५३ टक्के वेळा विजय मिळवते. पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा पुन्हा पहिल्याला हरवतो, असे हे चक्र आहे.

सर्वांत वाईट पाने कोणती, या प्रश्नाचीही तीच गत आहे. वेगवेगळ्या चिन्हांची सत्ती-दुर्री ही कुप्रसिद्ध आहे. परंतु एकाच प्रतिस्पर्ध्यासमोर ती सुमारे ३४.६ टक्के जिंकते, तर तिर्री-दुर्री ३२.३ टक्केच. लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की निकृष्टातील निकृष्ट पानेही तीनपैकी जवळपास एक डाव जिंकतात. नवख्याला खेळात टिकवून ठेवणारे आमिष हेच असते. बुद्धिबळात नवशिका ग्रँडमास्टरला तीनपैकी एकदा हरवू शकत नाही. पोकरमध्ये मात्र एखाद्या रात्री तो नामवंतालाही रिकाम्या हाताने घरी पाठवू शकतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच आत्मविश्वासाने परत येतो.

अनुभव पुरेसा का पडत नाही

प्रतिस्पर्धी दोन झाले की तपासायच्या अवस्था सुमारे ९५ हजार कोटींवर जातात. तेथे प्रत्येक शक्यता मोजत बसण्याऐवजी नमुन्यांवरून अंदाज काढला जातो. या पद्धतीचा जन्मही पत्त्यांच्या डावातूनच झाला. गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम १९४६ मध्ये आजारातून उठत असताना एकट्याने खेळायचा पत्त्यांचा खेळ खेळत होते. तो डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढणे अवघड आहे. त्यापेक्षा शंभर डाव मांडून किती सुटले ते मोजावे, असे त्यांना सुचले. जॉन फॉन नॉयमान यांनी ही कल्पना अणुभौतिकीच्या गणनेसाठी उचलली आणि निकोलस मेट्रोपोलिस यांनी तिला मोनॅकोतील प्रसिद्ध जुगारनगरीवरून ‘माँटे कार्लो’ असे नाव दिले.

पद्धत सोपी असली, तरी तिची किंमत मोजावी लागते. एक्क्यांच्या जोडीचे शंभर डाव संगणकाने मांडले, तर उत्तरात सुमारे सात टक्क्यांची चूक इकडे किंवा तिकडे संभवते. दहा हजार डाव मांडले तर ती ०.७ टक्क्यावर येते आणि दहा लाख डावांनंतर ०.०७ टक्क्यावर. अचूकता दहापट हवी असेल, तर श्रम शंभरपट करावे लागतात.

हाच नियम माणसाच्या अनुभवाला लावला की चित्र बोलके होते. वर्षातील शंभर दिवस, रोज चार तास टेबलावर बसणारा खेळाडू तासाला तीस डाव या गतीने वर्षाकाठी १२ हजार डाव पाहतो. त्यांत एक्क्यांची जोडी त्याला सरासरीने ५४ वेळा मिळते. एवढ्याशा नमुन्यावरून निघणाऱ्या अंदाजात सुमारे दहा टक्क्यांची चूक दोन्ही बाजूंना राहते. म्हणजे वर्षभर पैसे लावूनही, आपली सर्वोत्तम पाने ७५ टक्के जिंकतात की ९५ टक्के, हे त्याला स्वानुभवावरून ठरवता येत नाही. ‘एवढी वर्षे खेळतो आहे, पाने कशी चालतात ते मला कळते’ हे वाक्य टेबलाटेबलांवर ऐकू येते; संख्याशास्त्र त्याला दुजोरा देत नाही. शिवाय स्मरणशक्ती निःपक्षपाती नसते. एक्के हरलेला डाव वर्षानुवर्षे सांगितला जातो, जिंकलेले सहा डाव विसरले जातात.

पान उघडल्यानंतर

सुरुवातीची पाने ही केवळ प्रस्तावना असते. एक्का-राजा घेऊन बसलेल्या खेळाडूला पहिली तीन सामाईक पाने उघडल्यावर सुमारे ६८ टक्के वेळा त्यांत एक्काही दिसत नाही आणि राजाही. लहान जोडी घेऊन बसलेल्याला तिसरे तसलेच पान त्या तीन पानांत मिळण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते. म्हणून अनुभवी खेळाडू प्रत्येक टप्प्यावर नवा अंदाज बांधतो.

त्यासाठी एक सोपा आडाखा रूढ आहे. हात सुधारू शकणारी किती पाने शिल्लक आहेत ते मोजायचे. दोन पाने उघडायची असतील तर त्या संख्येला चारने, एकच उघडायचे असेल तर दोनने गुणायचे. समजा हातात बदामची दोन पाने आहेत आणि पहिल्या तीन सामाईक पानांतही बदामची दोन आहेत. बदामची नऊ पाने उरली. नवाला चारने गुणले की ३६ टक्के. अचूक उत्तर ३५ टक्के. तोंडी हिशेबासाठी एवढी जवळीक पुरेशी आहे.

मग हा आकडा पॉटशी ताडून पाहायचा. पॉटमध्ये तीन हजार रुपये आहेत आणि डावात राहण्यासाठी एक हजार टाकावे लागणार आहेत. हजार टाकल्यावर पॉट चार हजारांचा होतो. त्यातील आपला वाटा एक चतुर्थांश. म्हणजे जिंकण्याची शक्यता २५ टक्क्यांहून अधिक असेल तर पैसे टाकणे हिशेबात बसते, कमी असेल तर पाने टाकणे शहाणपणाचे. शेवटच्या एकाच पानाची वाट पाहायची असेल, तर बदामच्या नऊ पानांची शक्यता २० टक्क्यांच्या आत असते आणि तोच हजार रुपयांचा निर्णय चुकीचा ठरतो. याशिवाय समोरच्याला हूल देऊन डाव सोडायला लावण्याचा मार्ग आहेच. त्यात तर पाने उघडावीही लागत नाहीत.

न्यायालयांचा पेच

कौशल्य आणि नशीब यांची सरमिसळ अशी घट्ट असल्यामुळेच न्यायालयांचे निर्णय एकमेकांना छेद देत आले आहेत. १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबमधील रमीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि कोणते पान राखावे, कोणते टाकावे याला बुद्धी लागते, असे त्याचे कारण होते. तीन पत्तीसारख्या खेळांना मात्र ही सवलत मिळाली नाही. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीही कौशल्याच्या ठरल्या.

पोकरबाबत उच्च न्यायालयांचे एकमत झाले नाही. गुजरात उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २०१७ मध्ये पोकरला जुगारात गणले. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रमी व पोकर यांना नशिबाचे खेळ ठरवणारी राज्य कायद्यातील तरतूद अमान्य केली आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पोकरला कौशल्याचा खेळ म्हटले. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने तर पोकरला जुगाराच्या व्याख्येतूनच वगळले आहे.

गणिताच्या दृष्टीने या दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. त्या वेगवेगळ्या कालावधींविषयी बोलत आहेत. एका डावापुरते पाहिले तर नशिबाचे पारडे जड असते. हजारो डावांच्या ओघात नशीब सर्वांना सारखेच वाटले जाते आणि उरतो तो निर्णयांतील फरक. २०१० च्या जागतिक पोकर मालिकेचा अभ्यास करणाऱ्या स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स या अर्थशास्त्रज्ञांना असे आढळले, की आधीच्या कामगिरीवरून निष्णात ठरवलेल्या खेळाडूंना गुंतवणुकीवर ३० टक्क्यांहून अधिक परतावा मिळाला, तर इतरांना सरासरी सुमारे १५ टक्के तोटा झाला. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणक प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना हरवले. त्या सामन्यासाठी १ लाख २० हजार डाव खेळले गेले आणि एकच पाने उलटसुलट बाजूंना देऊन नशिबाचा परिणाम कमी करण्यात आला. कौशल्य सिद्ध करायला एवढा खटाटोप लागतो, यातच त्याचे अस्तित्व आणि त्याची मर्यादा दोन्ही आली.

कायद्यापुढचा खरा प्रश्न म्हणूनच निराळा आहे. खेळात कौशल्य असणे आणि खेळणाऱ्या बहुसंख्यांकडे ते असणे, या भिन्न गोष्टी आहेत. पोकर हा जितका अधिक कौशल्याचा, तितका नवख्याचा पैसा अधिक खात्रीने निष्णाताकडे जाणार. ‘कौशल्याचा खेळ’ हे बिरुद खेळ चालवणाऱ्याचा बचाव ठरू शकते. कमकुवत खेळाडूसाठी ती धोक्याची सूचना असायला हवी.

नाल, कर आणि उरलेले पैसे

रूलेटमध्ये खेळाडू कॅसिनोविरुद्ध खेळतो. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध. त्यामुळे कॅसिनोला कोण जिंकते याच्याशी देणेघेणे नसते. तो प्रत्येक पॉटमधून आपला हिस्सा काढून घेतो. त्याला रेक म्हणतात. जुगाराच्या जुन्या बोलीत हीच नाल.

तिचा परिणाम उदाहरणाने पाहू. दोन खेळाडूंनी हजार-हजार रुपये लावले आणि एकाची शक्यता ५२ टक्के आहे. नाल नसती तर त्याला सरासरी १,०४० रुपये मिळाले असते. दोन हजारांतून पाच टक्के, म्हणजे शंभर रुपये काढले, तर १,९०० रुपयांतील ५२ टक्के ९८८ होतात. अनुकूल डाव तोट्याचा झाला. केवळ बरोबरीत राहण्यासाठी आता ५२.६ टक्के शक्यता हवी. एक्का-राजासमोर दुर्रीच्या जोडीला मिळणारी सारी आघाडी नालेतच वाहून जाते. बहुतेक ठिकाणी नालेला कमाल मर्यादा असते, त्यामुळे मोठ्या पॉटवर तिचा भार हलका होतो; लहान रकमा लावणाऱ्या सामान्य खेळाडूवर मात्र तो पूर्ण पडतो.

टेबलाचा हिशेब आणखी स्पष्ट आहे. समजा प्रत्येक डावातून सरासरी दोनशे रुपये नाल निघते आणि तासाला तीस डाव होतात. दर तासाला सहा हजार रुपये टेबलावरून कायमचे उठतात. नऊ सारख्याच ताकदीचे खेळाडू असतील, तर प्रत्येक जण तासाला सरासरी साडेसहाशेहून अधिक रुपये गमावतो. त्यांतील एकानेही चूक केलेली नसते.

त्यावर कराचा थर येतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोतील चिप्सच्या पूर्ण मूल्यावर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्क्यांवर गेला. हा बोजा पूर्णपणे खेळाडूवर टाकला, तर दहा हजारांच्या चिप्ससाठी चौदा हजार मोजावे लागतात. एकही पान वाटले जाण्याआधी त्याला चाळीस टक्के भरून काढायचे असतात. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने आयकर आहे तो वेगळाच. इतक्या थरांनंतरही नफ्यात राहणारे खेळाडू असतात, पण ते टेबलावरचे अपवाद असतात.

गोव्यापुढील प्रश्न

गोव्यातील कॅसिनोंचा पाया १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यातील दुरुस्त्यांनी घातला. १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना वाट मिळाली आणि १९९६ मध्ये जहाजांवरील टेबलांच्या खेळांना. मांडवीतील जहाजे तेथून हलवण्याच्या घोषणा वारंवार झाल्या; पणजीच्या किनाऱ्यावरची रोषणाई कायम राहिली. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोंत खेळण्यास मज्जाव करण्यात आला. स्थानिक कुटुंबांचा पैसा जहाजांवर जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

त्याच काळात फोनवरचा पोकर मात्र सत्तरीपासून काणकोणपर्यंत घराघरांत पोहोचला होता आणि त्याच्या दारात ओळखपत्र विचारणारे कोणी नव्हते. म्हणजे बंदी जहाजावर होती आणि टेबल खिशात. केंद्राच्या कायद्याने ही विसंगती उलटी केली: खिशातले टेबल गेले, जहाजावरचे राहिले. ऑनलाइन खेळांत दरवर्षी ४५ कोटी लोक सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. भागाकार केला तर तो माणशी साडेचारशे रुपयांच्याही आत येतो आणि किरकोळ वाटतो. पण सरासरी येथेही फसवी आहे. बहुतेकांचे काहीशे रुपये जातात आणि थोड्यांची घरे बुडतात, हे त्या सरासरीत दिसत नाही.

बंदी योग्य की नियमन, याचा निर्णय न्यायालये आणि विधिमंडळे करतील. परंतु जेथे खेळ कायदेशीर आहे, तेथे तरी खेळणाऱ्याला पूर्ण हिशेब दिसला पाहिजे, ही मागणी अवाजवी नाही. औषधाच्या वेष्टनावर घटक छापले जातात, कर्जाच्या करारात व्याजाचा खरा दर लिहावा लागतो. त्याच न्यायाने पोकरच्या टेबलावर नालेचा दर, तिची कमाल मर्यादा, कर धरून बरोबरीत राहण्यासाठी लागणारी शक्यता आणि तासाला टेबलावरून उठणारी सरासरी रक्कम ठळकपणे, खेळाडूला समजेल अशा भाषेत लावणे राज्याला सक्तीचे करता येईल. स्वतःहून आपला प्रवेश बंद करून घेण्याची सोय आणि घरच्यांच्या विनंतीवर विचार करणारी यंत्रणा हेही त्यासोबत हवे.

शाळेत संभाव्यता शिकवताना पत्त्यांच्या जोडातून राजा येण्याची शक्यता काढायला लावतात. उत्तर तेराव्या भागाइतके येते आणि धडा संपतो. त्या पुढचे चार प्रश्न, म्हणजे समोर किती जण आहेत, त्यांच्याकडे काय असू शकेल, पॉट किती आहे आणि त्यातून कोणाचा वाटा आधीच काढला गेला आहे, हे विचारायला शिकलेला विद्यार्थी पोकर खेळेल किंवा न खेळेल. लॉटरी, शेअर बाजारातील वायदे आणि झटपट दुप्पट परताव्याच्या योजना यांच्यासमोर मात्र तो निदान डोळे उघडे ठेवून उभा राहील. दोन एक्के पंच्याऐंशी टक्के जिंकतात, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. उरलेल्या पंधरा टक्क्यांचा आणि मधल्या मध्ये गेलेल्या नालेचा हिशेब ज्याचा त्यालाच मांडावा लागतो.